जुनी होत चाललेली इमारत आणि तज्ज्ञांचा सल्ला: सोसायट्या व घरमालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि कोकणपट्टीतल्या आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतींच्या मालकांसाठी, सोसायटीच्या कमिटीसाठी आणि जुन्या चाळींतल्या रहिवाशांसाठी हे लिहिलं आहे. इमारतींच्या तपासणीच्या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, तेच घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. तज्ज्ञाला लवकर बोलावलं तर तुमच्यासमोर चार पर्याय असतात, उशिरा बोलावलं तर एकच उरतो आणि तो बहुधा घर सोडण्याचा असतो.

आमची इमारत बाहेरून चांगली दिसते, तीन वर्षांपूर्वीच रंग लावला. तरी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, लागेल का?

लागेल. रंगावरून इमारतीची तब्येत कळत नाही, उलट बऱ्याचदा रंगामुळेच ती झाकली जाते.

काँक्रीटच्या आतली सळई वर्षानुवर्षं टिकते, कारण ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो. त्या वातावरणात सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर बसतो आणि गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये मुरतो आणि पीएच उतरतो. तो नऊच्या आसपास आला की संरक्षण गेलं. समुद्रकाठी खाऱ्या हवेतले क्लोराइड तर पीएच उतरण्याची वाटही पाहत नाहीत. त्यात वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाझरणारं पाणी मिळालं की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. तो आतून काँक्रीटला बाहेर ढकलतो, सळईला समांतर तडा जातो, मग पोपडा सुटतो. तुम्हाला पोपडा दिसतो तेव्हा ही गोष्ट आत बरीच वर्षं चाललेली असते.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी मिस्त्रीला बोलावून पोपड्याच्या जागी सिमेंटचा थर मारतात आणि वर रंग. गंजलेली सळई तशीच आत राहते, फक्त दिसेनाशी होते. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत तोच थर जास्त मोठा तुकडा घेऊन खाली येतो. तोपर्यंत सळईची जाडी आणखी घटलेली असते, म्हणजे दुरुस्तीही महाग झालेली असते.

कायद्याने ऑडिट कधी बंधनकारक आहे?

इमारतीला ३० वर्षं झाली की महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून स्थैर्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मुंबईत हे मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब खाली येतं, इतर महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५अ आहे. त्यानंतर दर १० वर्षांनी पुन्हा तपासणी. ३० वर्षं मोजायची ती काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून, भोगवटा परवानगीपासून किंवा निम्मी इमारत प्रत्यक्ष वापरात आल्यापासून, यांतलं जे आधी घडलं तिथून. ही जबाबदारी मालकाबरोबर तिथे राहणाऱ्यांवरही टाकलेली आहे. त्यामुळे ‘बिल्डरने कन्व्हेयन्स (मालकी हस्तांतर) दिलेलं नाही, मग आम्ही का करायचं’ हा युक्तिवाद चालत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी याहून कडक आहेत. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी. माझं मत विचाराल तर किनाऱ्यालगतच्या इमारतींनी १५ वर्षांचीही वाट पाहू नये. इमारतीचं वय हा ढोबळ अंदाज आहे. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले, आणि ती जुनी म्हणावी अशी नव्हतीच. बांधकाम मुळातच निकृष्ट असेल तर ३० वर्षांचा नियम तुमच्या उपयोगाचा नाही.

ऑडिटर कसा निवडायचा?

महापालिकेकडची नोंदणी ही पहिली पायरी, शेवटची नव्हे. त्यांनी केलेला एखादा जुना अहवाल पाहायला मागा. चांगल्या अहवालात प्रत्येक फ्लॅटची, जिन्याची, गच्चीची, टाकीची स्वतंत्र नोंद असते, फोटोला जागेचा क्रमांक असतो, कोणत्या खांबावर कोणती चाचणी केली हे नकाशावर दाखवलेलं असतं. ‘इमारतीची एकूण स्थिती समाधानकारक आहे’ अशी वाक्यं पानोपानी असतील आणि मोजमाप कुठेच नसेल, तर तो अहवाल घरी बसून लिहिलेला आहे.

प्रत्यक्ष कोण येणार हेही विचारा. सही एका अनुभवी इंजिनिअरची आणि पाहणी नुकत्याच पास झालेल्या मुलाची, असं सर्रास होतं. ती मुलं मेहनती असतात, माहिती गोळा करायला त्यांचा उपयोगही होतो, पण सही करणाऱ्याने निदान संशयास्पद जागा तरी स्वतः पाहिल्या पाहिजेत. तसं पत्रात लिहून घ्या.

फीबद्दल सोसायट्यांमध्ये फार घासाघीस होते. चार कोटेशनं मागवून सर्वांत स्वस्त ते घेतलं जातं. त्या कोटेशनमध्ये चाचण्या आहेत की नाहीत, हेही कुणी पाहत नाही. नुसती डोळ्यांनी पाहणी आणि चाचण्यांसह पाहणी यांचे दर एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

एक दुरुस्ती कंत्राटदार फुकट तपासणी करून देतो म्हणतो. काय हरकत आहे?

हरकत आहे. ज्याला दुरुस्ती विकायची आहे तो काय शोधणार, हे ठरलेलंच आहे. त्याच्याकडे जे रसायन आहे त्याच रसायनाची तुमच्या इमारतीला गरज निघते. तपासणारा, दुरुस्ती करणारा आणि दुरुस्तीवर देखरेख ठेवणारा यांतले पहिला आणि तिसरा एक असू शकतात, पण दुसरा वेगळाच हवा. देखरेखीची फी बिलाच्या टक्केवारीत ठरवली तर बिल वाढण्यात सल्लागाराचाही फायदा होतो. शक्य असेल तिथे ती ठरावीक रकमेत ठरवा.

दुरुस्तीचं कंत्राट कामाच्या प्रत्यक्ष मोजमापावर असावं. पोपडा काढल्याशिवाय आत किती खराबी आहे हे कुणालाच कळत नाही. म्हणून ठोक रकमेचं कंत्राट घेतलेला माणूस एक तर आधीच रक्कम फुगवतो, नाही तर काम आटोपतं घेतो. सळई साफ केली, गंजरोधक लेप लावला, जोडसळई टाकली, की झाकण्याआधी मोजमाप आणि फोटो झालेच पाहिजेत. एकदा पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा खास गिलावा) चढलं की आत काय केलं याचा पुरावा संपला.

कोणत्या चाचण्या करतात? त्यातून नेमकं काय कळतं?

रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. ही चाचणी झटपट होते, पण वरवरची आहे. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहर खांबातून आरपार पाठवतात आणि तिचा वेग मोजतात. सेकंदाला साडेतीन ते साडेचार किलोमीटर वेग आला तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली आला तर आत पोकळी, तडे किंवा सच्छिद्रपणा असल्याचा संशय. हाफ-सेल चाचणी सळईला गंज लागत असण्याची शक्यता विद्युतदाबावरून सांगते. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर ती शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

मला सर्वांत आवडणारी चाचणी अगदी स्वस्तातली आहे, आणि ती रहिवाशांसमोर करावी असा माझा आग्रह असतो. काँक्रीट थोडं फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. जिथे अल्कधर्म शाबूत आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो, जिथे तो गेला आहे तिथे काहीच रंग येत नाही. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचलेला दिसला की सभेत वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

खात्रीच करायची असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल तुकडा, काढून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. कोअर कुठून काढायचा हे इंजिनिअरनेच ठरवायचं, आणि काढल्यावर ते भोक योग्य मिश्रणाने भरलं की नाही हे तुम्ही पाहायचं. कोणतीही एक चाचणी पुरेशी नसते. चार आकडे एकत्र वाचून इमारतीबद्दल निर्णय देणं, यासाठीच तर तुम्ही तज्ज्ञाला पैसे देता.

अहवालात इमारतीची वर्गवारी सी-१, सी-२ अशी लिहितात. म्हणजे काय?

सी-१ म्हणजे अतिधोकादायक: ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे मोठी दुरुस्ती, त्यासाठी इमारत पूर्ण किंवा अंशतः रिकामी करावी लागते. सी-२ब मध्ये संरचनेची दुरुस्ती रहिवासी आत असताना करता येते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

मालकाच्या ऑडिटमध्ये सी-१ आलं, आमच्या ऑडिटमध्ये सी-२ब. खरं कोणतं?

पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्याने घेतलेल्या घरांच्या) आणि भाडेकरूंच्या इमारतींत हा प्रश्न इतका येतो की तो टाळून पुढे जाता येणार नाही. मालकाला पुनर्विकास हवा असतो, भाडेकरूंना घर जाण्याची भीती असते. दोघंही आपापला इंजिनिअर आणतात. यात अप्रामाणिकपणा असतोच असं नाही. एकाने सर्वांत वाईट चार खांब तपासले आणि दुसऱ्याने बरे चार, तर दोघांचेही आकडे खरे आणि निष्कर्ष उलटे येतात.

मुंबईत अशा परस्परविरोधी अहवालांसाठी महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे. ती दोन्ही अहवाल पाहते, इंजिनिअरांचं म्हणणं ऐकते आणि वर्गवारी ठरवते. तिथे वजन पडतं ते चाचण्यांच्या नोंदींना. म्हणून अहवाल करून घेताना ‘आम्हाला सी-२ब पाहिजे’ असं सांगून इंजिनिअर शोधू नका. मनाजोगता कागद मिळाल्याने बीमची ताकद वाढत नाही, आणि त्या बीमखाली तुमचीच मुलं झोपतात. जमलं तर मालक आणि रहिवाशांनी मिळून चाचण्यांच्या जागा ठरवाव्यात आणि दोघांच्या इंजिनिअरांनी एकाच दिवशी हजर राहावं. आकडे एक असले की वाद फक्त अर्थाचा उरतो आणि तो सुटू शकतो.

अहवाल आला, दुरुस्तीचा खर्च मोठा आहे, सभेत एकमत होत नाही. तोपर्यंत थांबलं तर?

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइडची गोष्ट प्रत्येक कमिटीने माहीत करून घ्यावी. शॅम्पलेन टॉवर्स साउथ ही समुद्रकाठची १२ मजली इमारत १९८१ ची. २०१८ मध्ये इंजिनिअरने लिहून दिलं होतं की पोहण्याच्या तलावाच्या डेकचं वॉटरप्रूफिंग निकामी झालं आहे आणि खालच्या स्लॅबला मोठं नुकसान होत आहे. मालकांच्या मंडळात वाद झाले, खर्चाचा अंदाज वाढत गेला, वर्गणीवरून भांडणं झाली. २४ जून २०२१ च्या रात्री इमारतीचा मोठा भाग कोसळला. ९८ माणसं गेली. तिथे सल्ला घेतलेला होता, तोही तीन वर्षं आधी.

आपल्याकडे पैशाची अडचण कुठून येते तेही बघू. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. हा खर्च जमिनीची किंमत सोडून, आणि बांधलं त्या काळचा धरला जातो. समजा १९८५ मध्ये तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च एक लाख होता. म्हणजे सिंकिंग फंडात वर्षाला २५० रुपये. ३० वर्षांत साडेसात हजार आणि वर व्याज. आजच्या दराने त्यात एका खोलीच्या छताचीही दुरुस्ती होणार नाही. उपविधींतलं हे प्रमाण किमान आहे, सर्वसाधारण सभा जास्त ठरवू शकते. इमारत दहा वर्षांची असताना वाढवलेली वर्गणी कुणाला जड जात नाही. चाळिसाव्या वर्षी एकदम लाखाची मागणी आली की निवृत्त माणसं हवालदिल होतात, आणि त्यांचा दोष नसतो.

पैसे खरंच नसतील तर इंजिनिअरला एकच विचारा: यातलं या पावसाळ्याआधी झालंच पाहिजे असं काय, आणि दोन वर्षं थांबू शकेल असं काय? क्रम लावून लेखी द्या म्हणा. बहुतेक वेळा पहिल्या यादीत तळमजल्याचे खांब, गळक्या शौचालयांखालचे स्लॅब आणि लोंबकळणारे चज्जे येतात. रंग, कंपाउंड आणि लॉबीच्या फरशा शेवटी.

घराचं इंटीरियर करताना एक भिंत काढायची आहे. सोसायटीला का विचारायचं?

कारण ती भिंत काय उचलून धरते, हे तुम्हाला आणि इंटीरियरवाल्यालाही माहीत नाही. आरसीसी इमारतीत विटांची आतली भिंत सहसा भार घेत नाही. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत मात्र भिंत म्हणजेच इमारत. दिसायला दोन्ही सारख्याच.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी काहीच केलेलं नव्हतं.

भिंतीइतकंच महत्त्वाचं म्हणजे बाल्कनी. ती एकाच बाजूने धरलेली असते, तिची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते. फरशी बदलताना ब्रेकरने खोल गेलात तर तीच सळई उघडी पडते. मग त्यावर भिंत उचलून बाल्कनी खोलीत घेतली, कपाट ठेवलं, बाहेर जाळीवर मातीच्या कुंड्या लावल्या, की हा सगळा भार त्याच सळईवर येतो. कोणत्याही कामाआधी सोसायटीच्या इंजिनिअरचं पत्र आणि कामादरम्यान एक पाहणी, हा नियम सभेत ठराव करून ठेवा. दुकानांना आणि दवाखान्यांनाही तोच नियम, तळमजल्यावर तर अधिकच.

गच्ची गळते. कोबा पुन्हा टाकून घ्यावा का?

जुना काढल्याशिवाय नाही. कोबा म्हणजे पाणी अडवण्यासाठी गच्चीवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर. चार इंच जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. कितीतरी गच्च्यांवर असे दोन-तीन थर एकावर एक बसलेले सापडतात. त्यात नव्या टाक्या: दहा हजार लिटरची टाकी म्हणजे दहा टन पाणी, ती खांबांच्या डोक्यावर बसवली आहे की स्लॅबच्या मध्यावर, यावर सगळं अवलंबून आहे. मोबाइल टॉवरचं भाडं चांगलं येतं, पण करारावर सही करण्याआधी भाराचा हिशेब तुमच्या इंजिनिअरकडून करून घ्या, कंपनीने आणलेल्या दाखल्यावर विसंबू नका.

टेकू लावले आहेत, म्हणजे आता काळजी नाही ना?

टेकू ही वेळ विकत घेण्याची सोय आहे. तिसऱ्या मजल्याच्या छताला टेकू दिला आणि तो तिसऱ्याच मजल्याच्या जमिनीवर टेकवला, तर भार फक्त एका कमकुवत स्लॅबवरून खालच्या स्लॅबवर गेला. टेकू एकाखाली एक असे थेट तळापर्यंत जायला हवेत. ते कुठे लावायचे, किती, आणि किती दिवसांत दुरुस्ती सुरू करायची, हे इंजिनिअरने लेखी द्यावं. तीन पावसाळे टेकूंवर उभ्या असलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. लोकांनी त्यांवर कपडे वाळत घातलेले असतात.

कोणती लक्षणं दिसली तर तज्ज्ञाची वाट न पाहता बाहेर पडायचं?

दारं-खिडक्या अचानक घट्ट बसू लागणं, तडा तासातासाला रुंदावणं, खांबातून काँक्रीटचे तुकडे उडणं किंवा सळया वाकून बाहेर येणं, फरशा आपोआप उचकटणं, कडकड असा आवाज, सतत माती झडणं. यांतलं काहीही दिसलं तर माणसं आधी बाहेर, मग फोन. मुंबईत महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १९१६, अग्निशमन दलाचा १०१. सामानासाठी परत वर जाऊ नका. वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेली माणसं कोणत्या घरात आहेत याची यादी सेक्रेटरीकडे आणि वॉचमनकडे आधीच असावी. ती पावसाळ्याआधी दरवर्षी ताजी करा.

आगीच्या यंत्रणेचं काय?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. तो विकत मिळतो ही वस्तुस्थिती आहे. म्हणून संस्थेचा माणूस आला की त्याच्यासमोर पंप चालू करून सर्वांत वरच्या मजल्यावर पाणी येतं का, ते पाहा. होजच्या पेटीत होज आहे का, व्हॉल्व्ह बंद तर नाही, रेफ्यूज एरियात (आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेल्या जागेत) सामान भरलेलं नाही ना, जिन्यात चपलांचे स्टँड आणि सायकली नाहीत ना, एवढं तर कमिटीचा कोणताही सभासद अर्ध्या तासात पाहू शकतो.

जुने नकाशे, आरसीसी ड्रॉइंग काहीच नाही. आता?

महापालिकेच्या नोंदींमधून मंजूर नकाशांसाठी अर्ज करा. आरसीसी ड्रॉइंग मिळालीच नाहीत तर इंजिनिअर कव्हर मीटरने सळया शोधून आणि खांब-तुळया मोजून नवी करून देतो. खर्च येतो, पण एकदाच. पुढे प्रत्येक दुरुस्तीचं बिल, फोटो आणि अहवाल एका फाइलमध्ये ठेवा, कमिटी बदलली की ती फाइल सही घेऊन सोपवा.

एक सभासद इंजिनिअरला घरात येऊ देत नाही.

बहुतेकदा त्याने आत काही बदल केलेले असतात आणि ते उघड होण्याची भीती असते. आधी जाऊन बोला, तपासणी दंडासाठी नाही हे सांगा. नाहीच ऐकलं तर उपविधींप्रमाणे लेखी सूचना देऊन पाहणीचा अधिकार सोसायटीला आहे. तरीही दार बंद राहिलं तर त्या फ्लॅटची तपासणी झाली नाही असं अहवालात ठळक नोंदवून महापालिकेला कळवा.

इमारत धोकादायक ठरली आणि आम्ही बाहेर पडलो, तर हक्क जाईल ना?

ही भीती इतकी खोल आहे की लोक तडे दिसत असूनही आत राहतात. घर रिकामं केल्याने भाडेकरूचा किंवा मालकाचा हक्क संपत नाही. पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या जागेचं क्षेत्रफळ मोजून नोंद करण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाचे २०१४ चे निर्देश आहेत. ती मोजणी तुमच्या उपस्थितीत झाली पाहिजे आणि तिची प्रत तुमच्या हातात आली पाहिजे. भाडेपावत्या, वीजबिल, रेशनकार्ड, पागडीचे कागद यांच्या प्रती इमारतीबाहेर, नातेवाइकांकडे आणि मोबाइलवरही ठेवा. नोटीस येण्याची वाट न पाहता एका वकिलाचा आणि एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला एकत्र घ्या. दोघांना एकाच टेबलावर बसवा. इंजिनिअर किती दिवस आहेत ते सांगेल आणि वकील तेवढ्या दिवसांत कोणते कागद करून घ्यायचे ते सांगेल.